दोघांच्या मधली जाळी

महाळुंग्यात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. मी कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट फिरती. 2021 च्या दिवाळीत मुलीच्या हट्टाखातर सशाची दोन पिल्लं आणली. पांढरा ढवळ्या आणि राखी सई. सव्वा वर्ष दोघं एकमेकांचे कान चाटत, अंगाला अंग लावून झोपत. मग 2023 च्या जानेवारीत एका सकाळी तिसरी शिफ्ट संपवून घरी आलो, तर फरशीभर पांढऱ्या केसांचे पुंजके पडले होते. ढवळ्या कपाटामागे दडून बसलेला, सई शेपटी वर करून त्याची वाट अडवून उभी, बायकोच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मुलगी रडत म्हणाली, "बाबा, हे दोघं आता एकमेकांना ओळखत नाहीत का?"

जोडी परत जमायला सव्वातीन महिने लागले. त्या काळात जे शिकलो ते इथं लिहितो आहे. ससे पाळणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

1. दटावणं वेगळं, भांडण वेगळं.
सशांमध्ये वरचा-खालचा असा मान असतो आणि तो अधूनमधून पुन्हा ठरवला जातो. एकानं दुसऱ्यावर चढणं, थोडा पाठलाग, चिमटीभर केस उपटणं, एवढं चालायचंच. खालचा शांत बसला की प्रकरण मिटतं. पण कान मागे चपटे, शेपटी ताठ, गुरगुरत अंगावर धाव, आणि दोघं एकमेकांना धरून गोल गोल फिरायला लागले, तर त्यांना वेगळं करायला एक क्षणही थांबू नका. पुढच्या पायरीवर पोटं फाटतात. कुणी उलटं, म्हणजे तोंडाच्या बाजूनं चढलं तर लगेच खाली उतरवा. खालच्यानं चावा घेतला तर नाजूक जागी मोठी जखम होते.

2. मध्ये हात घालू नका.
बायकोनं घातला होता. चावा तिच्यासाठी नव्हताच, तरी दात तळहातात खोल गेला. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हापासून पिंजऱ्याशेजारी केराची मोठी सुपली आणि जाड चवाळं कायम असतं. सुपली दोघांच्या मध्ये घालायची आणि एकावर चवाळं टाकून त्याला उचलायचं. ओरडायचं नाही, चापट तर अजिबात मारायची नाही. घाबरलेला ससा आणखी जोरानं चावतो.

3. रक्त दिसलं नाही तरी अंग तपासा.
दाट केसांत दाताचं भोक लपतं. कान, पापण्या, मान, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, सगळं बोटांनी केस बाजूला सारून बघा. सशाचा पू पातळ नसतो, दह्यासारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही, आत गाठ धरतो. ढवळ्याच्या खांद्यावर आठ दिवसांनी सुपारीएवढी गाठ आली, ती डॉक्टरांना कापून काढावी लागली. घरात पडलेली माणसांची औषधं मात्र देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी आपल्याला साधी वाटणारी गोळी सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारते आणि त्यात ससा दगावू शकतो.

4. सशाला दोष देण्याआधी पाच वेळा 'का' विचारा.
कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला म्हणून ऑपरेटरवर ओरडून काही हाती लागत नाही. पाच वेळा 'का' विचारायचं. टोयोटाकडून आलेली ही पद्धत आमच्या चाकण पट्ट्यात सर्रास शिकवतात. मी ती घरी लावली.
सई का चावली? ढवळ्या तिला परका वाटला. परका का? आदल्या संध्याकाळी त्याला एकट्याला दवाखान्यात नेलं होतं, अंगाला तिथल्या औषधांचा आणि कुत्र्यांचा वास होता, आणि ससा जोडीदाराला आधी नाकानं ओळखतो. पण नुसत्या वासावर एवढा राग का? ती आठवडाभर छातीचे केस उपटून कोपऱ्यात घरटं करत होती, ती जागा राखत होती. घरटं का? ती खोटी गाभण होती. नसबंदी झालेला नर नुसता चढला तरी मादीचं बीजांड सुटतं आणि सुमारे सोळा-सतरा दिवस तिचं शरीर पिल्लांची तयारी करत राहतं. तिच्या शरीरात हे का चालू होतं? कारण तिचं ऑपरेशन आम्ही केलेलंच नव्हतं.
पाचव्या 'का'चं उत्तर आमच्यापाशी येऊन थांबलं. तेव्हापासून दवाखान्यात दोघांना एकाच टोपलीत नेतो, आजारी एक असला तरी.

5. नसबंदी दोघांची करा.
आम्ही एकट्या ढवळ्याची केली होती. पिल्लं होऊ नयेत एवढाच विचार होता. मादीचं ऑपरेशन मोठं, खर्चाचं, म्हणून टाळलं. पण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ससे वयात येतात आणि तिथून भांडणाचं मूळ शरीरातच असतं. शिवाय ऑपरेशन न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. नराचं ऑपरेशन झालं तरी सहा आठवडे त्याला ऑपरेशन न झालेल्या मादीजवळ सोडू नका. तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात.
डॉक्टर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: ऑपरेशनआधी ससा उपाशी ठेवायचा का? उत्तर 'नाही' असं हवं. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायची गरज नसते. उलट पोट रिकामं राहून आतडी थांबली तर जीवावर बेततं. रात्रभर उपाशी ठेवा म्हणणारा डॉक्टर गाई-म्हशींचा कितीही चांगला असो, सशासाठी दुसरा शोधा.

6. वेगळं करा, पण नजरेआड करू नका.
पहिले चार दिवस आम्ही एकाला आतल्या खोलीत, एकाला बाहेर ठेवलं. चूक झाली. वास विसरला की जोडी खरंच परकी होते. मग मध्ये जाळ्या लावल्या. एक जाळी पुरत नाही, नाकाचे चावे बसतात. वीतभर अंतर ठेवून दोन लावा. रोज दोघांच्या जागा बदला, लेंड्यांचे ट्रे बदला. खाणं जाळीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर द्या. आधी दोघं पाठ करून खायचे. तिसऱ्या आठवड्यात सई जाळीला टेकून आडवी झाली, त्याच रात्री पलीकडून ढवळ्या तिच्याशेजारी येऊन पसरला. इथपर्यंत आल्याशिवाय जाळी काढायची नाही.

7. पुन्हा भेट परक्या जागी घडवा.
जिथं दोघांपैकी कुणाचाच वास नाही अशी जागा हवी. आम्हाला शेजारच्या काकूंनी त्यांची रिकामी खोली दिली. गुळगुळीत फरशीवर ससा घसरतो आणि बिथरतो, म्हणून चवाळी अंथरली, मधोमध कोथिंबिरीचा ढीग ठेवला. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. वहीत रोजची नोंद: किती वेळा धाव, किती वेळा चाटणं. सलग दोन दिवस झटापट नाही, मगच वेळ वाढवायचा. भेट नेहमी शांततेत संपवायची, भांडणावर नाही.
एका मित्रानं सुचवलं, दोघांना खोक्यात घालून गाडीवर फिरवून आण, आपोआप चिकटतील. चिकटतातही, पण भीतीनं. भीती गेली की ती जवळीकही जाते. आम्ही ते केलं नाही.
सुट्टी जोडून सलग दोन दिवस-रात्र आम्ही पाळीपाळीनं जागून दोघांना एकत्र ठेवलं. 22 एप्रिलला, अक्षय तृतीयेला, जाळ्या काढल्या.

8. प्रत्येक गोष्ट दोन ठेवा.
दोन पाण्याची भांडी, दोन ट्रे, गवताचे दोन ढीग, दोन खोकी. खोक्याला दोन तोंडं हवीत, म्हणजे एक आत कोंडला जात नाही. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली भट्टी पेटते. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता सोडतो. गारव्यासाठी एकच ओली लादी ठेवली तर तिच्यावरून वाद होतो. दोन ठेवा. इंग्लंडमधली सशांची कल्याणकारी संस्था जोडीला निदान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा सांगते. आम्ही पिंजऱ्याचं दार काढून टाकलं आणि बाहेरची अख्खी खोली त्यांना दिली. पिंजऱ्यात कोंडलेल्या सशांकडून सामंजस्याची अपेक्षा धरू नये.

9. अचानक भांडण झालं तर दुखणं शोधा.
2025 च्या पावसाळ्यात गरीब ढवळ्याच सईच्या अंगावर धावून गेला. या वेळी वास नाही, घरटं नाही. त्यानं गवत कमी केलं होतं आणि हनुवटी ओली दिसत होती. सशाचे दात जन्मभर वाढतात. मागच्या दाढेचं टोक जिभेला लागत होतं. सई प्रेमानं तोंड चाटायला जायची, त्याला कळ यायची आणि तो चावायचा. दाढ घासून घेतली आणि चौथ्या दिवशी भांडण थांबलं. ससा दुखणं लपवतो. खाणं किंवा लेंड्या बारा तास बंद असतील तर सकाळची वाट पाहू नका.

10. काही जोड्या परत जमत नाहीत.
हेही मान्य करायला हवं. तेव्हा जाळीच्या दोन बाजूंना शेजारी म्हणून त्यांना जन्मभर ठेवता येतं. एकमेकांचा वास आणि सोबत तरीही मिळते. आम्ही अडचणीत असताना एकजण म्हणाला, भामचंद्र डोंगराकडच्या रानात सोडून दे, ससाच तो, जगेल. नाही जगणार. आपल्या रानातला ससा वेगळा. तो उघड्यावर गवतात राहतो, त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊनच जन्मतात. घरातला ससा युरोपात बिळं करून राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. पांढऱ्या अंगाचा, माणसांत वाढलेला जीव आपल्या माळावर कुत्र्यांपुढे एक रात्रही काढणार नाही.

म्हणून ससे पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. घरात दोन ससे असतील तर ससे पाहणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच शोधून ठेवा आणि घडीच्या जाळ्या आजच आणा. ज्या दिवशी दोघं भांडतील त्या दिवशी त्यांना वेगळं ठेवा, पण टाकून देऊ नका. चावणारा ससा काहीतरी सांगत असतो, ते कळेपर्यंत त्याच्यापाशी बसा.