हरणाचे पाडस

शिरूर कासार तालुक्यात तागडगाव आहे. तेथे रानातल्या जनावरांचा आसरा आहे. दवाखानाच म्हणा ना! त्याचे नाव सर्पराज्ञी. सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे हे पती-पत्नी तो चालवितात. कोणी विहिरीत पडलेले, कोणाला कुत्री चावलेली, कोणाला मोटारीची धडक बसलेली. अशी हरणे, मोर, माकडे लोक तेथे पोचवितात. जनावर बरे झाले की रानात सोडतात. कारण रानचे जनावर घरी पाळणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण सापडलेले प्रत्येक पाडस काही जखमी नसते. ज्वारी काढताना हरणाचे पाडस एकटे बसलेले दिसते. आपल्याला वाटते, बिचाऱ्याला आई नाही. आपण त्याला उचलून घरी आणतो. अहो, आई असते की! पाडसाला लपवून ती चरायला जाते. पाजायला परत येते. पाडस हलत नाही, म्हणून लांडग्याच्या नजरेस पडत नाही. आपण मायेने उचलतो आणि मायलेकरांची ताटातूट होते. तेव्हा त्याला हात लावू नका. तेवढा तुकडा उभा ठेवा. कुत्री बांधा आणि दूर व्हा. माणूस जवळ असेल तर हरणी येत नाही. पाडस जखमी असेल, तर मात्र वनरक्षकाला लगेच कळवा.