रणांगणाशेजारचे गाव

युद्धाचा इतिहास वाचताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहतात ते सेनापती, त्यांचे घोडे, तोफा आणि निशाणे. परंतु जगातील बहुतेक लढाया ओसाड माळावर झालेल्या नाहीत. त्या कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी अंगणासमोर, कोणत्या तरी गावाच्या वेशीवर झाल्या आहेत. त्या शेतातील पीक कोणी पेरले होते? त्या घरातील मुलेबाळे त्या दिवशी कोठे होती? सैन्य निघून गेल्यावर मागे राहिलेल्या जखमींना पाणी कोणी दिले? असे प्रश्न विचारू लागलो म्हणजे इतिहासाचे एक नवेच दालन आपल्यापुढे उघडते.

हे दालन लोकांना प्रत्यक्ष दाखवावे, या हेतूने झटणाऱ्या मंडळ्या आज अनेक देशांत आहेत. ग्रंथ वाचून कळणारा इतिहास ही मंडळी वेष, अवजारे, घरे आणि दैनंदिन कामे यांच्या साहाय्याने डोळ्यांसमोर उभा करतात. याला ‘जिवंत इतिहास’ असे म्हणतात. स्वीडन देशातील आर्तुर हाझेलियस या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ नावाचे खुले संग्रहालय उघडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून उभारली गेली आणि जुन्या वेषातील माणसे त्या घरांत वावरताना लोकांना दिसू लागली. पुढे ही कल्पना इतर देशांत पसरली. अमेरिकेत तर १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाचे पुनर्दर्शन घडवणारी शेकडो मंडळे निर्माण झाली.

या मंडळांपुढे एक अडचण मात्र नेहमी उभी राहते. जो सैनिकाचा वेष घेतो, त्याचे काम ठरलेले असते. त्याला कवायत आहे, पहारा आहे, बंदूक भरून झाडण्याचे प्रात्यक्षिक आहे. पण जे सामान्य नागरिकांचा वेष घेतात, त्यांनी दिवसभर करावे काय? पूर्वनियोजन नसेल, तर हे लोक सुंदर घोळदार झगे आणि उंच टोप्या घालून तंबूपाशी नुसते बसून राहतात. प्रेक्षक येतात, त्यांच्या पोशाखाचे कौतुक करतात आणि तोफांचा आवाज ऐकू आला की तिकडे धावतात. अशा वेळी नागरिक हा इतिहासाचा भाग न राहता केवळ शोभेची वस्तू होतो. म्हणूनच नागरिकांच्या कार्यक्रमाची आखणी कशी करावी, हा जाणत्या मंडळांत मोठ्या आस्थेचा विषय आहे. ही आखणी कशी होते, ते एका खऱ्या गावाच्या उदाहरणाने पाहू.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. १८६३ साली तेथे अवघे २,४०० च्या आसपास लोक राहत होते. त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत उत्तर आणि दक्षिण या दोन्ही पक्षांचे मिळून सुमारे १,६५,००० सैनिक या गावाभोवती एकमेकांवर तुटून पडले. ठार, जखमी आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या ५०,००० च्या घरात गेली. सैन्ये निघून गेली, तेव्हा मागे सुमारे २१,००० जखमी उरले होते. म्हणजे गावातील प्रत्येक माणसामागे, मग तो वृद्ध असो वा तान्हे मूल, आठ-नऊ जखमी माणसे! एवढे एक गणित मांडले तरी त्या गावाच्या कहाणीला रणांगणाच्या कहाणीइतकेच महत्त्व का द्यावे, हे ध्यानात येते.

आखणीची पहिली पायरी म्हणजे दिवस आणि वेळ निश्चित करणे. ‘यादवी युद्धाच्या काळातील गाव’ एवढे म्हणून भागत नाही. एकाच गावाचे रूप आठवड्याभरात किती बदलते, ते पाहा. २६ जून १८६३ रोजी दक्षिणेचे सेनापती अर्ली यांची फौज गेटिसबर्गमध्ये शिरली. त्यांनी गावाकडे पीठ, मांस, साखर, कॉफी, मीठ, एवढेच नव्हे तर १,००० जोड बूट आणि ५०० टोप्या मागितल्या; हे देणे शक्य नसेल तर १०,००० डॉलर रोख द्यावेत, असे बजावले. इतके सामान गावात नाही, असे नगरसभेच्या अध्यक्षांनी विनयाने पण स्पष्टपणे कळवले. दुकाने मात्र उघडी ठेवण्याची तयारी दाखवली. व्यापाऱ्यांनी आपला बराच माल आणि बँकेने आपला पैसा आधीच बाहेरगावी पाठवला होता. फौज फारसे काही हाती न लागता दुसऱ्या दिवशी पुढे गेली.

आता ज्या मंडळाने हा दिवस निवडला, त्याच्या नागरिकांना कामाची वाण पडेल काय? कोणी नगरसभेचे सभासद होऊन उत्तराच्या पत्रातील शब्द न् शब्द तोलतील. दुकानदार रिकाम्या फळ्यांपुढे उभा राहून आपल्याकडे काय उरले आहे ते मोजील. शेतकरी आपली घोडी दूर नेण्याच्या खटपटीत असेल. गृहिणी चांदीची भांडी कोठे लपवावीत, या विवंचनेत दिसेल. हाच खेळ १ जुलैचा असेल, तर हीच माणसे तळघराकडे धावतील. आणि ५ जुलैचा असेल, तर घरातील प्रत्येक चादर फाडून तिच्या पट्ट्या करताना दिसतील. वेळ ठरली म्हणजे काम आपोआप सुचते.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येकाने आपण कोण आहोत, हे नीट ठरवणे. यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकापाशी तयार असावी लागतात. माझे पोट कशावर चालते? आज या ठिकाणी मी का आहे? आणि या घटकेला माझ्या हातात कोणते काम आहे? ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याचा पोशाख कितीही अचूक असला तरी तो पोशाखच राहतो. त्यातून माणूस उभा राहत नाही.

अशी माणसे कशी शोधावीत, हे गेटिसबर्गचा इतिहासच शिकवतो. टिली पिअर्स ही तेथील १५ वर्षांची मुलगी. लढाईला तोंड लागताच शेजारणीबरोबर ती गावाबाहेरच्या एका शेतघरात आश्रयाला गेली. पण आश्रयाच्या जागीच युद्ध येऊन ठेपले. तिने धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या सैनिकांना पाणी देण्याचा सपाटा लावला आणि नंतर जखमींची शुश्रूषा करण्यास हातभार लावला. पुढे १८८९ साली तिने आपल्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. जेनी वेड ही २० वर्षांची तरुणी आपल्या बाळंतीण बहिणीच्या घरी होती. ३ जुलैच्या सकाळी ती पावासाठी पीठ मळत असता दार भेदून आलेल्या गोळीने तिचा अंत झाला. लढाई चालू असताना प्रत्यक्ष गोळी लागून मृत्यू पावलेली गावातील ती एकमेव नागरिक होय. एलिझाबेथ थॉर्न हिचा पती गावच्या दफनभूमीचा रखवालदार होता. तो सैन्यात गेल्यामुळे ते काम तिच्याकडे आले होते. लढाई संपली तेव्हा ती सहा महिन्यांची गर्भवती होती. तशा स्थितीत, जुलैच्या उन्हात, वृद्ध पित्याच्या मदतीने तिने सुमारे शंभर सैनिकांसाठी थडगी खणली.

पाणी देणे, पीठ मळणे, माती खणणे! यांतील एकही काम असामान्य नाही. पण ज्या वेळी ती केली गेली, त्या वेळेने त्यांना थोरवी आणली. नागरिकांच्या कार्यक्रमाचे मर्म येथेच आहे. कामे रोजचीच निवडावीत, पण ती त्या घटकेच्या गरजेशी जोडावीत.

तिसरी पायरी म्हणजे काम खरोखर करणे. पाव भाजायचा तर चूल पेटली पाहिजे, पीठ मळले पाहिजे आणि संध्याकाळी पाव तयार झाला पाहिजे. कपडे धुण्याचे दृश्य असेल तर लाकडी टबात खरेच पाणी आणि साबण हवा. त्या काळी घरोघरच्या स्त्रिया एकत्र जमून जखमांवर ठेवण्यासाठी लिंट तयार करीत. लिननचे जुने कापड पाटावर ताणून सुरीने खरवडले की त्याचा मऊ कापसासारखा पुंजका निघतो, तोच लिंट. हे काम प्रेक्षकांपैकी एखाद्या मुलाच्या हाती दिले, तर मूठभर लिंट काढायला किती वेळ लागतो, हे त्याला क्षणात उमगते. मग हजारो जखमांना किती हात लागले असतील, याचा हिशेब त्याने स्वतःच करावा. येथे एक गोष्ट सांगण्यास विसरू नये. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे ज्ञान तेव्हा वैद्यांनाही नव्हते. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धती १८६७ साली प्रसिद्ध झाली. म्हणून प्रेमाने केलेल्या लिंटनेही कित्येकांच्या जखमा बिघडल्या असतील. ही गोष्ट सांगितल्याने त्या स्त्रियांचा मोठेपणा कमी होत नाही. त्या काळाचे खरे दुःख मात्र कळते.

खरे काम म्हटले की खरा धोकाही आलाच. म्हणून चुलीजवळ पाण्याच्या बादल्या भरून ठेवणे, आगीपाशी वावरणाऱ्यांनी नायलॉनसारखे वितळणारे कापड न घालता सुती किंवा लोकरी वस्त्रे वापरणे, उन्हाळ्यात सावलीची व पिण्याच्या पाण्याची सोय करणे, लहान मुलांवर एका जबाबदार व्यक्तीने लक्ष ठेवणे, या गोष्टी आखणीत प्रथम लिहिल्या जातात. इतिहास दाखवताना कोणाला इजा झाली, तर त्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

चौथी पायरी सर्वांत अवघड आहे. जे त्या दिवशी गावात नव्हते, त्यांनाही आखणीत स्थान देणे ही ती पायरी होय. गेटिसबर्गच्या सीमेवर एब्राहम ब्रायन नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याची १२ एकर जमीन आणि छोटे घर होते. दक्षिणेचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरताच कृष्णवर्णीय माणसांना पकडून गुलाम म्हणून दक्षिणेकडे नेऊ लागले. स्वतंत्र नागरिकांचीही त्यातून सुटका नव्हती. त्यामुळे ब्रायन कुटुंबाप्रमाणे अनेकांना घरदार टाकून पळावे लागले. गोऱ्या शेजाऱ्याला मालमत्तेची चिंता होती. ब्रायनला आपल्या मुलाबाळांच्या स्वातंत्र्याची चिंता होती. तो परत आला तेव्हा ३ जुलैचा प्रसिद्ध हल्ला त्याच्या शेतापर्यंत येऊन गेला होता. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली; हाती आले केवळ १५ डॉलर.

अशा कुटुंबाचे दर्शन कसे घडवावे? एखादे जाणते मंडळ गावाच्या देखाव्यात एक बंद दाराचे घर ठेवील. चूल थंड, अंगणात कोणी नाही. प्रेक्षक विचारतील, “या घरातली माणसे कोठे गेली?” आणि या प्रश्नाच्या उत्तरातूनच ते युद्ध कशासाठी झाले, हे त्यांना समजेल. कडू सत्य दाखवताना वाद होतात, हेही खरे. व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग येथील जिवंत संग्रहालयात १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचे पुनर्दर्शन घडवण्यात आले, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. पूर्वजांच्या यातनांचा तमाशा होईल, अशी विरोधकांना भीती होती. परंतु ते गंभीर दृश्य पाहिल्यावर विरोधकांपैकी एकाने आपले मत बदलल्याचे मोकळेपणाने सांगितले. दुःख दाखवू नये असे नाही. ते अदबीने आणि पुराव्यानिशी दाखवावे, हा धडा त्यातून मिळतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातील मूळ रणभूमीवर लढाईचे खोटे खेळ करण्यास परवानगी नाही. जेथे हजारोंनी प्राण दिले, तेथे मरणाचे सोंग आणू नये, हा त्यामागील भाव आहे. पण पाणी देण्याचे, पट्ट्या गुंडाळण्याचे, जखमी सैनिकाच्या वतीने त्याच्या आईला पत्र लिहिण्याचे काम हे सोंग वाटत नाही. ते काम आज केले तरी खरेच असते.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले बांधतात. बुरुजावर मावळे ठेवतात, शिखरावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी कोणी मुलगा हळिवाचे शेत पिकवतो, कोणी डोक्यावर हंडा घेतलेली बाई आणि बैलगाडी हाकणारा शेतकरी मांडतो. त्या चिमुकल्या हातांनी न कळत एक मोठे सत्य ओळखलेले असते. गडावर धान्य पायथ्याच्या गावातून चढते. आणि लढाई संपली म्हणजे जखमी माणूस त्याच गावाचे दार ठोठावतो. त्या दाराआड कोण राहत होते, याचा शोध घेणे हीसुद्धा इतिहासाची सेवाच होय.

स्वाध्याय

१. ‘जिवंत इतिहास’ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. पूर्वनियोजन नसल्यास नागरिकांचा वेष घेतलेल्या लोकांची कोणती स्थिती होते?

३. टिली पिअर्स, जेनी वेड आणि एलिझाबेथ थॉर्न यांची कामे साधी असूनही थोर का ठरतात?

४. देखाव्यातील बंद दाराचे घर प्रेक्षकांना काय सांगते?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तोंड लागणे, वाण पडणे, सपाटा लावणे, विवंचनेत असणे.

६. तुमच्या गावाजवळील एखादा किल्ला किंवा जुना वाडा निवडा. तेथील एका सामान्य माणसाचा एक दिवस दाखवायचा असल्यास कोणती कामे दाखवाल आणि त्यांची माहिती कोणाकडून मिळवाल, ते दहा-बारा ओळींत लिहा.