दोन खोल्यांत क्रिकेटचे किट ठेवायचे कुठे?

प्रश्न : हिंगणघाटला आमचे दोन खोल्यांचे, टिनाच्या छताचे घर आहे. मुलाची क्रिकेटची मोठी बॅग माळ्यावर ठेवली तर चालेल का? – एक पालक

उत्तर : माळ्यावर नको. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि टिनाखाली त्याहून जास्त तापते. त्या कोरड्या उष्णतेने बॅटच्या विलो लाकडाला चिरा पडतात. कूलरच्या दमट झोतासमोरही बॅग नको. ग्लोव्हजना बुरशी लागते.

जागा खालीच शोधा. नियमानुसार बॅटची लांबी जास्तीत जास्त ९६.५ सेंटिमीटर असते, त्यामुळे ती दिवाणाखाली मावते. दाराआड दोन मजबूत खुंट्या ठोका : एकीवर पॅड, दुसरीवर हेल्मेट. रिकामी बॅग घडी करून दिवाणाखालीच सारा.

घामाने ओले सामान आधी सावलीत वाळवा. इंग्लिश विलोच्या बॅटवर कोटिंग नसेल, तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा. मूठ आणि तिचा सांधा वगळा. पावसाळ्यात बॅट ओलसर फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा.

मुलाला लहान झालेले पॅड साठवू नका. मोहल्ल्यातल्या धाकट्या खेळाडूला द्या. तुमची जागा मोकळी होईल आणि त्याचा खेळ सुरू होईल.