सीटचा अडकलेला दांडा : जोर आधी की विचार आधी?



सायकलची सीट उंच करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. क्लॅम्पचा बोल्ट सैल करावा, सीट वर घ्यावी, बोल्ट पुन्हा आवळावा. पण कधी कधी बोल्ट पूर्ण काढून हातात घेतला तरी दांडा जागचा हलत नाही. फ्रेम आणि दांडा जणू एकजीव झालेले असतात. फ्रेम लोखंडी, म्हणजे स्टीलची, आणि दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर ही अडचण हमखास येते. या अंकातील अभ्यास-लेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे, कारण नववी-दहावीच्या विज्ञानातील तीन धडे या एका दांड्यात एकत्र आले आहेत.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. आपली मुले ज्या वयात सायकल चालवतात त्याच वयात त्यांची उंची वाढते. सीट खालीच अडकून राहिली तर गुडघे सतत वाकलेले राहतात आणि दुखू लागतात. नववीतील एका विद्यार्थिनीला थोरल्या भावाची गिअरची सायकल मिळाली होती. दोन पावसाळे ती अंगणात उभी होती. सीट हलेना म्हणून पालक ती दुकानात घेऊन गेले, तेव्हा फ्रेम बदलावी लागेल असे उत्तर मिळाले. फ्रेम बदलणे म्हणजे जवळजवळ नवी सायकल घेणे. घरात त्या वर्षी तो खर्च बसण्यासारखा नव्हता, आणि सायकल नाही तर शाळेत येण्याचीच अडचण. म्हणून ती सायकल आम्ही कार्यानुभवाच्या तासाला शाळेत मागवली.

दांडा का अडकतो?

ज्याचे कारण कळले नाही त्यावर जोर लावू नये, हा आमचा पहिला नियम. तेव्हा आधी कारण पाहू.

तुमच्या पुस्तकात धातूंची सक्रियता श्रेणी दिली आहे. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने हाच शब्द तोंडात येतो; मराठी पुस्तकांत तिला क्रियाशीलता श्रेणी म्हणतात.) या श्रेणीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची त्याची वृत्ती जास्त आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा असला की एक लहानसा विद्युत घट तयार होतो. १८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी दोन धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे रचून जगातील पहिली बॅटरी केली ती याच तत्त्वावर.

सायकलमध्ये हे सर्व साहित्य आयते हजर असते. धातू दोन आहेतच. पाणी पावसाचे, ते क्लॅम्पजवळच्या फटीतून आत उतरते. मागचे चाक उडवते तो चिखल वेगळाच. मीठ घामात असते. आता हा घट काम करू लागतो, पण त्यातून दिवा लागत नाही, ॲल्युमिनियम मात्र झिजते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. दांडा आणि नळी यांच्यामध्ये जागा किती? केसाएवढीसुद्धा नाही. तेवढ्या जागेत भुकटी दाटून बसते आणि पाचर ठोकल्यासारखा दांडा घट्ट होतो.

जुन्या काळ्या साध्या सायकलींत दांडाही लोखंडीच असतो, वर चकचकीत मुलामा असतो. तोही अडकतो, पण तो साध्या गंजाने. येथे दोन धातूंची संगत नडते.

ही गोष्ट सायकलीच्या आधीपासून माणसाला ठाऊक आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे बसवले. ते लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले होते. दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा पुष्कळ खिळे खाऊन गेलेले होते आणि पत्रे सुटले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. कारण शोधले तेव्हा कळले की पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी मध्ये तसाच राहून गेला होता, आणि जेथे कागद होता तेथे तांबे लोखंडाला टेकलेच नव्हते. तांब्याच्या संगतीत लोखंड झिजले. ॲल्युमिनियमच्या संगतीत मात्र लोखंड टिकते आणि ॲल्युमिनियम झिजते. म्हणजे कोण झिजणार हे सोबत कोणाची आहे यावर ठरते. त्या कागदाची आठवण ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

इलाज : सोप्यापासून कठीणाकडे

पहिला इलाज, तेल आणि सबुरी. क्लॅम्पचा बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण काढावा. फटीतली माती जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी. मग गंज सोडवणारे पातळ तेल (डब्ल्यूडी-४० किंवा तसलेच कोणतेही) दांड्याभोवती सोडावे. तेल वरून थोडेच उतरते, म्हणून सायकल उलटी करून पाण्याची बाटली अडकवण्याच्या स्क्रूच्या छिद्रातूनही थोडे तेल सोडावे. उलट्या सायकलीत ते दांड्याकडे वाहत जाते. एक रात्र थांबावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. तीन-चार दिवस गेले तरी चालतील. तेल जवळ असताना आग नको आणि ब्रेक जेथे चाकाला धरतो तेथे तेल लागू देऊ नये.

दुसरा इलाज, पिळणे. दांडा वर ओढू नये, आधी फिरवावा. ओढताना सर्व भुकटीशी एकदम झुंज द्यावी लागते आणि हाताला तरफेचा काहीच फायदा मिळत नाही. फिरवताना सीटची लांबी तरफेचे काम करते. एकाने सायकल घट्ट धरावी, दुसऱ्याने सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवून पाहावी. केसभर हलला तरी काम झाले असे समजावे; मग पुन्हा तेल सोडावे. सीटखालच्या तारा वाकू लागल्या तर लगेच थांबावे.

तिसरा इलाज, थंड करणे. येथे बहुतेक लोक उलटे करतात. लोणच्याच्या काचेच्या बरणीचे झाकण अडकले की आई ते गरम पाण्याखाली धरते आणि झाकण निघते. म्हणून दांडाही गरम करावा असे वाटते. पण नीट विचार करा. बरणीत जास्त प्रसरण पावणारी वस्तू, म्हणजे धातूचे झाकण, बाहेर आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात तेथेही प्रसरण पावणारी धाव बाहेरच असते. सायकलीत मात्र जास्त प्रसरण पावणारी वस्तू आत आहे. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाने तापले की सुमारे ०.०२३ मि.मी. वाढते, तेवढेच स्टील सुमारे ०.०१२ मि.मी. म्हणजे दोन्ही सारखेच तापवले तर दांडा फ्रेमपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगेल आणि आणखी घट्ट होईल! म्हणून दांडा थंड करायचा.

किती फरक पडेल ते काढून पाहू. दांड्याचा व्यास २७.२ मि.मी. आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही ४० अंश असतात. बर्फाने दांडा शून्य अंशाजवळ नेला तर व्यास सुमारे ०.०२५ मि.मी.ने कमी होईल. हे केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. पण ज्या फटीत भुकटी दाटली आहे तीही एवढीशीच आहे. दांड्याच्या उघड्या भागाला फडक्यात बर्फ गुंडाळून वीस मिनिटे बांधावा, फ्रेमला बर्फ लागू देऊ नये, आणि बर्फ काढताच लगेच पिळावे.

चौथा इलाज, बाँक. आयटीआयमध्ये ज्याला बेंच व्हाइस किंवा बाँक म्हणतात त्याचा हा उपयोग. चाके व सीट काढावी, सायकल उलटी करून दांड्याचे डोके बाँकमध्ये घट्ट आवळावे आणि दांडा स्थिर ठेवून फ्रेमच फिरवावी. आता फ्रेमची सगळी लांबी तरफ झाली. पान्याचा दांडा वीतभर असतो, फ्रेम त्याच्या दुपटीहून लांब. बल तेवढेच, परिणाम कितीतरी जास्त. मात्र दांड्याच्या डोक्याला बाँकचे दात लागतात, तेव्हा तो दांडा पुन्हा वापरता येईलच असे नाही. जोरही झटका देऊन लावू नये, सावकाश वाढवावा, नाहीतर फ्रेमची पातळ नळी मुरगळते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे.

आम्ही आणलेल्या सायकलीने पहिले तीन इलाज दाद दिली नाही. चार दिवस तेल, नंतर बर्फ, आणि मग बाँक. कार्यानुभवाचे सर आणि शाळेचे शिपाईकाका यांनी दोन बाजूंनी फ्रेम धरली. दोन-तीनदा काहीच झाले नाही. मग कर्रकन आवाज आला आणि फटीतून पांढरी भुकटी गळली. नववीच्या वर्गाने धड्यात वाचलेले संक्षारण तेव्हा प्रथमच डोळ्यांनी पाहिले. दांडा पिळत पिळत बाहेर काढायला आणखी अर्धा तास लागला. फ्रेमला काही झाले नव्हते. नवा दांडा बसवला आणि सायकल चालू झाली.

शेवटचे दोन इलाज

एवढ्यानेही न निघाल्यास दोन मार्ग उरतात, पण ते विद्यार्थ्यांनी करायचे नाहीत.

एक म्हणजे कापणे. दांडा फ्रेमच्या थोडा वर कापून टाकतात. दांडा पोकळ असतो, त्यात हॅक्सॉचे पाते घालून आतून उभी चीर पाडतात. अशा दोन चिरा झाल्या की दांडा आत दबतो आणि सुटतो. ॲल्युमिनियम मऊ असल्याने ते कापले जाते, पण पाते एक पाऊल पुढे गेले तर फ्रेम कापली जाईल. म्हणून हे सरावलेल्या मिस्त्रीचे काम आहे.

दुसरा मार्ग कॉस्टिक सोड्याचा. त्याचे द्रावण ॲल्युमिनियम विरघळवते, स्टीलला सहसा धक्का लावत नाही. विज्ञान म्हणून हे लक्षात ठेवा: ॲल्युमिनियम हा आम्ल आणि अल्कली दोघांशीही अभिक्रिया करणारा धातू आहे. पण या अभिक्रियेत हायड्रोजन वायू निघतो, द्रावण उकळण्याइतके तापते, आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पालकांना आमची स्पष्ट विनंती आहे की घरी हा प्रयोग करू नये.

हातोड्याने आडवे ठोकणे आणि दांड्यावर ज्योत धरणे हेही टाळावे. पहिल्याने नळी चेपते, दुसऱ्याने रंग जळतो आणि आत सोडलेले तेल पेट घेऊ शकते.

खरा इलाज : बोटभर ग्रीस

आता त्या जहाजातला कागद आठवा. दोन धातूंच्या मध्ये पातळसे काही असले आणि पाणी आत गेले नाही, तर घट तयारच होत नाही. सायकलीत हे काम ग्रीस करते. नळी आतून फडक्याने कोरडी करावी, दांडा पुसून त्याला पातळ ग्रीस लावावे आणि मग बसवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा दांडा बाहेर काढून हेच पुन्हा करावे. बोटभर ग्रीसला आणि दहा मिनिटांना जे जमते, ते नंतर चार दिवसांच्या मेहनतीलाही कष्टानेच जमते.

सीट उंच करताना आणखी एक काळजी घ्यावी. दांड्यावर एक रेघ किंवा खूण असते. ती नेहमी फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. खूण बाहेर दिसू लागली तर दांडा किंवा फ्रेम तुटून अपघात होऊ शकतो. अशा वेळी लांब दांडा घ्यावा. सीटची उंची ठरवण्याची सोपी रीत अशी: सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवावी, पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे.

विश्वस्त मंडळास एक नम्र सूचना. शाळेच्या कार्यानुभव कक्षात एक चांगली बाँक, पान्यांचा एक संच आणि ग्रीसचा डबा कायम असावा. वर्षातून दोन शनिवार, जूनमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, मुलांनी आपापल्या सायकलीचा दांडा काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावा. मोडलेली वस्तू फेकून देण्याआधी ती का मोडली हे विचारण्याची सवय याच वयात लागते, आणि ज्या घरात नवी सायकल सहज येत नाही त्या घराला या सवयीचे मोल विचारावे.

स्वाध्याय

१. बरणीचे झाकण गरम करून निघते, पण सीटचा दांडा थंड करून निघतो. असे का? चार-पाच वाक्यांत लिहा.

२. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि दांडा स्टीलचा असता तर कोण झिजले असते? आणि दांडा सोडवण्यासाठी गरम करावे लागले असते की थंड? कारण द्या.

३. ‘अलार्म’ जहाजात लोखंड झिजले, सायकलीत मात्र ॲल्युमिनियम झिजते. सक्रियता श्रेणी पाहून कारण सांगा.

४. घरात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून ओलाव्यात असलेल्या तीन जागा शोधा. नळ, गॅलरीचे गज, कूलर येथे पाहा. कोठे भुकटी किंवा गंज दिसतो ते वहीत नोंदवा.

५. (पालकांसह) आपल्या सायकलीच्या दांड्यावरची खूण शोधा. ती फ्रेमच्या आत आहे ना, हे आजच पाहा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चांगली उत्तरे पुढील अंकात देऊ.