जुन्या टेम्पोचं फिरतं स्वयंपाकघर : विसार देण्याआधीचा हिशोब

ताईंनो,

जत्रा, आठवडी बाजार, लग्नाच्या ऑर्डरी असं काम आपले बरेच गट करतात. पण मंडप, भांडी आणि टेम्पोच्या भाड्यातच नफा जातो. म्हणून हल्ली बैठकीत विचारणा असते, की जुना छोटा हत्ती घेऊन त्यातच स्वयंपाकघर बसवलं तर? कल्पना चांगली आहे. पण कर्ज गटाचं आणि परतफेडही गटाचीच. तेव्हा विसार देण्याआधी हा धडा सगळ्यांनी मिळून वाचा.

१. आधी वजन, मग भांडी

आर.सी. पुस्तकात दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दोन्हीची वजाबाकी केली की किती भार चालेल ते कळतं. समजा तो ७०० किलो आला. आता मांडणी करू :

पत्रा-अँगलची बंद बॉडी २५० किलो
ओटा, शेगड्या, तवा १२० किलो
गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७० किलो
पाणी १५० लिटर, म्हणजे १५० किलो
भांडी आणि किराणा १०० किलो
पुढे बसणारे दोघे १२० किलो

बेरीज ८१० किलो. म्हणजे ११० किलो जास्त! घाटात ब्रेक लागणार कसा? उपाय सोपा आहे. पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरायचं, मग भार ६६० वर येतो. जड वस्तू खाली ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटा. आणि मागच्या भागात बसून कुणीही प्रवास करायचा नाही.

२. गॅस आणि कोळसा

धंद्याला १९ किलोची व्यावसायिक टाकीच लागते, घरगुती टाकी चालत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली फरशीवर साचतो. म्हणून खिडकी वर असून भागत नाही, फरशीलगत जाळीची भोकं हवीतच. टाकी उभी, साखळीनं बांधलेली आणि बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. जोडणी साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी पेटवून नको. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंदच.

जाळीवरचं चिकन, कणसं यासाठी कोळशाची शेगडी लागते. ती गाडीच्या आत पेटवायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं आणि मग शुद्ध हरपते. शेगडी बाहेर उघड्यावर मांडा. निघताना निखारे पूर्ण विझवून, थंड करूनच गाडीत चढवा. अग्निशामक दारापाशी टांगा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा आणि झाकण टाका.

३. स्वच्छता

कच्चं चिकन बर्फाच्या पेटीत, ५ अंशांच्या खाली ठेवायचं. शिजलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. कच्च्याची सुरी आणि पाट वेगळे. हात धुवायला नळाची वेगळी टाकी, सांडपाण्याला झाकणाचा ड्रम.

४. कागदपत्रं

गाडीच्या बांधणीत बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आर.टी.ओ.ची परवानगी लागते. फॅब्रिकेशनवाल्याला पैसे देण्याआधी ती विचारा. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर अपघात झाल्यावर भरपाई अडते. अन्न सुरक्षेची नोंदणी करून १४ अंकी नंबर गाडीवर दिसेल असा लावा.

गाडी एकीच्या नावावर घेणार असाल तर आधी ठराव लिहा. पैसे कुणाचे, कमाई कोणत्या खात्यात, ती ताई गट सोडून गेली तर गाडीचं काय, हे सगळं त्यात हवं. खाली सगळ्यांच्या सह्या. नाहीतर उद्या घरचे म्हणतील, गाडी आमचीच.

५. दर फेरीला किती उरायला हवं?

समजा कर्जाचा हप्ता ६,००० रुपये आणि विमा-दुरुस्तीसाठी बाजूला २,०००. महिन्याला ८ फेऱ्या होणार असतील तर दर फेरीला किराणा, डिझेल आणि मजुरी वजा जाऊन १,००० रुपये उरलेच पाहिजेत. पावसाळ्यात ४ च फेऱ्या झाल्या तर २,०००. मजुरी म्हणजे आपली स्वतःचीसुद्धा! पहाटे चारला उठून वाटण करणाऱ्या बाईचा रोज धरला नाही, तर वहीत नफा दिसतो आणि घरी मात्र काहीच येत नाही.

पुढच्या बैठकीत करायचा अभ्यास

१. आपल्या भागातले बाजार आणि जत्रा महिन्यावार लिहा. वर्षाच्या फेऱ्या मोजा.
२. वर दिल्याप्रमाणे वजनाची मांडणी करा.
३. गाडी कोण चालवणार, रात्री उशीर झाला तर कोण सोबत असणार, ते ठरवा.
४. आधी दोन महिने भाड्याच्या गाडीवर तोच धंदा करून बघा आणि रोजचा हिशोब ठेवा.

दोन महिन्यांची वही घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीत या. कर्जाचा अर्ज तिथेच बसून भरू.

तुमची क्षेत्र समन्वयक