बिब्बा उतला तेव्हा

सासूबाईंचा गुडघा पावसाळ्यात धरतो. एका श्रावणात शेजारच्या काकूंनी सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि तेलाने माखलेल्या टोकाने गुडघ्याभोवती बारीक ठिपक्यांची ओळ काढून दिली. लगेच काहीच झालं नाही. "हलकं वाटतंय गं," म्हणत सासूबाई दुसऱ्या दिवशी देवळातसुद्धा जाऊन आल्या. मग बिब्बा उतला. ठिपक्यांच्या जागी टम्म फोड, मांडीपर्यंत लाली, रात्रभर खाज. बोटाला राहिलेलं तेल डोळ्यापर्यंत पोचलं होतं, त्यामुळे पापण्या सुजून डोळा उघडेना. त्वचारोगतज्ज्ञांनी ओळीने उठलेले फोड पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "बिब्बा कोणी लावला?"

उशिरा उतणं हीच याची खोड. काळ्या टरफलातल्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेत मुरतात, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चवताळते, आणि याला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. एकदा त्वचेला हे तेल बाधलं की पुढच्या वेळी अगदी थोडंही पुरतं. त्यामुळे 'मागे लावला होता, काही झालं नव्हतं' या भरवशावर राहू नका. बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला. कैरीच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं त्यांनी तर लांबच राहावं. धोबी पूर्वी याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांना त्या खुणांखालीच पुरळ उठू लागलं, आणि १९४३ मध्ये डॉक्टरांनी त्याची रीतसर नोंद केली. धुतलेल्या कपड्यावरच्या ठिपक्याची ही कथा, तर ताज्या तेलाचं काय!

म्हणून बिब्बा टाकाऊ ठरत नाही. चरकसंहितेने त्याला रसायनांत जागा दिली आहे. तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे आणि विधीने वापरला तरच अमृतासारखा, हेही तिथेच सांगून ठेवलं आहे. वापरण्याआधी त्याचं शोधन करतात. आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे मी ते पाहिलं. हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोपडून त्यांचा मदतनीस बिबे विटेच्या चुऱ्यात घोळवून चोळत होता. चुरा तेल पिऊन काळा पडला की तो टाकायचा, बिबे गरम पाण्याने धुवायचे. मग पथ्य: दूध-तूप हवं, ऊन आणि तिखट बंद. प्रयोगशाळेत उंदरांच्या सांधेसुजेवर बिब्ब्याचा गुण दिसला आहे. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांची जोड अजून हवी. कायद्यानेही भल्लातक, म्हणजे बिब्बाच, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. घरच्या सुईला असली सूचना कोण चिकटवणार?

लावण्यापेक्षा मला जास्त धास्ती पिण्याची वाटते. बिब्बा दिव्यावर धरून दुधात तेल टिपकवायचं आणि खोकल्यावर द्यायचं, ही रीत अजून गावोगावी आहे. पोटात गेलेल्या बिब्ब्याने मूत्रपिंड निकामी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. मुलांना, गरोदर बाईला, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला तो घरच्या घरी देऊच नये. आणि दारावरच्या लिंबू-मिरचीच्या माळेतला बिब्बा शनिवारी रस्त्यावर पडतो, तो पोरं गोटी समजून उचलतात, तिकडेही लक्ष असू द्या.

तेल लागलंच तर लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा, नखांखालीसुद्धा. अंगावरचे कपडे आणि उशीचा अभ्रा वेगळे धुवा. फोड फोडू नका. त्यातल्या पाण्याने फोड पसरत नाहीत, पसरवतं ते राहिलेलं तेल. ओल्या खोबऱ्याच्या लेपाने गार वाटेल, पण डोळे, तोंड किंवा नाजूक जागा सुजली, ताप आला, लघवी कमी झाली तर लेपात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि बिब्बा वापरल्याचं आधी सांगा. लोक लाजून लपवतात आणि डॉक्टर नागीण समजून भलतीकडेच शोधत बसतात.

सासूबाईंचा गुडघा पुढे व्यायामाने बराच सुधारला. बिब्ब्यावरचा त्यांचा राग मात्र टिकला नाही. डिंकाच्या लाडवात गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, त्यांना हवीच असते, आणि ती मीच निवडून आणते. पांढरी, कोरडी असेल तर घेते. टरफलाचा काळा तेलकट डाग दिसला की पुडी तिथेच परत.