ट्रॅक्टरवाल्याला थांब म्हण

अगं, घर झालं, वास्तुशांत झाली, आता अंगणात बाग करायचं मनात आहे ना? मग हे आधी ऐक. कुणीतरी दारात येऊन सांगणारच, ‘ताई, ही काळी माती बागेच्या कामाची नाही, चार ट्रॉल्या लाल माती टाकून देतो.’ दुसरा वाळू सुचवेल, तिसरा तळ्यातला गाळ. तिघांनाही चहा पाज आणि ‘सध्या थांबा’ म्हणून वाटेला लाव. पोखर्णीत घर बांधलंस म्हणजे परभणीच्या काळ्या पट्ट्यात बांधलंस. या मातीवर कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी पिकवून पिढ्या जगल्या. तुझ्या चार गुलाबांना ती पुरणार नाही असं कसं होईल?

या मातीत अन्नापेक्षा मोठी उणीव दुसरीच आहे. कमी पडते ती हवा. बेसाल्टचा काळा खडक झिजून ही माती झाली आणि तिच्यात चिकण कण पुष्कळदा निम्म्याहून जास्त असतात. त्या कणांत स्मेक्टाइट जातीचं खनिज असतं, त्याचे थर घडीच्या पोळीच्या पदरांसारखे एकावर एक. पाणी पदरांत शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आक्रसते. म्हणून आषाढात चप्पल रुतून बसते आणि एप्रिलात त्याच जागी हात जाईल एवढी भेग पडते. पावसात मुळं पाण्यात गुदमरतात, उन्हाळ्यात भेगांनी तुटतात. झाडं मरतात ती या दोन वेळांना. आपल्याला काम करायचंय ते एवढ्याच दोन गोष्टींवर.

आता त्या तीन सल्ल्यांचं. वाळू ढिगानं पडली तरच चिकण मातीचा स्वभाव बदलतो, म्हणजे मातीइतकीच किंवा तिच्याहून जास्त वाळू लागते. दोन-चार पाट्या मिसळल्यास तर चिकण कण वाळूभोवती बसतात आणि वाळल्यावर थर आणखी टणक होतो. वर वाळूचा भाव तुला माहीत आहेच. गाळाचं म्हणशील, तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७मध्ये सुरू झाली आणि मुरमाड, हलक्या रानाला गाळानं खरंच फायदा होतो. पण तळ्याचा गाळ म्हणजे पुन्हा बारीक चिकण मातीच. भारी जमिनीवर भारी माती टाकून काय साधणार? आणि लाल माती वर पसरलीस तर पावसाचं पाणी तिच्यातून भराभर उतरेल आणि खालच्या काळ्या थरावर तुंबेल. मुळं त्या हद्दीशी येऊन सडतील.

बागेआधी आवार बघ. गवंडी गेले, पण जाताना काय ठेवून गेलेत? पायाच्या खड्ड्यातून निघालेली खालची माती वर पसरलेली असते. ती पिवळसर असेल आणि तिच्यात पांढरे खडे दिसत असतील तर ती चुनखडी. त्यावर सिमेंट कालवल्याची जागा, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, आणि सगळ्यावर ट्रक फिरून दडपलेली जमीन. जिथं सिमेंट कालवलं तिथला कडक पापुद्रा टिकावानं उचलून बाहेर टाक, चुनखडीचे खडे वेचून घे. वेचलेले विटांचे तुकडे फेकू नकोस, पायवाटेखाली कामाला येतील.

आणखी एक, आणि हे कुणी सांगत नाही. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करू नकोस. दिसतो छान, पण तू रोज पाणी घालणार, भिंतीजवळची काळी माती फुगणार, उन्हाळ्यात सुट्टीला गेलीस की आक्रसणार. या फुगण्या-आक्रसण्यानंच आपल्याकडच्या घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात. पायाभोवती मुरूम भरून फरशीचा उतार काढला असेल तर तो तसाच ठेव. वाफे भिंतीपासून चार-पाच फूट लांब, कडुनिंब-जांभळासारखी मोठी झाडं पंधरा-वीस फुटांवर. कुंड्या ठेव हवं तर भिंतीजवळ.

मग माती ओळखायची. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घे, पाण्यानं भर, मुरू दे, पुन्हा भर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं दिसलं तर निचरा नाही, तिथं वाफा उंच करायचाच. आणि माती परीक्षण करून घे. चार-पाच जागी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा कर, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घे, सगळी सावलीत वाळवून मिसळ आणि अर्धा किलो पिशवीत भर. परभणी काही लांब नाही, तिथं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. माती कुठं द्यायची, फी किती, एवढं विचारूनच निघ. अहवालात सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, जस्त आणि लोह बघ. आपल्याकडे सामू बहुधा आठच्या आसपास निघतो, सेंद्रिय कर्ब कमी. सामू साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण आहे का ते तिथल्याच जाणकाराला विचार. जिप्सम टाकायचा तो अशा सोडियम वाढलेल्या जमिनीत. ‘चिकण माती आहे ना, टाका जिप्सम’ असं दुकानदार म्हणाला म्हणून गोणी उचलू नकोस.

आता खणायचं कधी? तुमच्या गावातलं पंचांग याला अगदी सोयीचं आहे. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते. गावातल्या नृसिंहाच्या देवळात गर्दी उसळायच्या आत खणून मोकळी हो. एकदा चांगलं पाणी देऊन ठेव, आठवडाभरानं जमीन टिकाव घेईल इतपत नरमली की वीत-दीड वीत खण, ढेकळं तशीच उलथी पडू दे. फोडत बसू नकोस, हात सोलतील. वैशाखाचं ऊन आणि वळवाचा पाऊस ती आपोआप फोडतात. भिजायचं, वाळायचं, पुन्हा भिजायचं, असं दोन-तीनदा झालं की हरभऱ्याएवढी रवाळ माती सुटी होते.

त्यानंतरचा नियम एकच, पण तो मोडू नकोस: ओल्या काळ्या मातीत पाय नाही. शेतकरी वाफसा येईपर्यंत औत घालत नाही, मग आपण तरी खुरपं का घालावं? मूठभर माती घे, दाब, गोळा कर आणि अंगठ्यानं ढकल. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. अंगठ्याला चिकटला, चकाकला, तर माघारी फीर. ओली असताना तुडवलेल्या मातीतली पोकळी मिटते आणि ती परत यायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. म्हणून वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. मधल्या वाटा दीड फुटाच्या, कायमच्या. लेकरांना, पाहुण्यांना, नळवाल्यालाही वाटेवरूनच चालायची सवय लाव.

वाफा उंच कर. वाटेतली माती उचलून वाफ्यावर टाकलीस की फूटभर उंची सहज येते, आणि वाटा पावसाळ्यात नालीसारख्या वाहतात. त्यांचा उतार रस्त्याकडे ठेव, घराकडे नको. आपल्याकडे सोयाबीन बीबीएफ यंत्रानं रुंद वरंब्यावर पेरतात ते याचसाठी: पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जावं, कमी झाला तर सरीत मुरावं. तुझ्या वाफ्याचं गणित तेच.

खायला काय घालायचं? शेणखत, पण पूर्ण कुजलेलं. काळपट, भुरभुरीत, शेणाचा वास न येणारं. अर्धकच्चं खत स्वस्तात मिळतं आणि त्याबरोबर हुमणीची अळी, वाळवी आणि शेकडो तणांचं बी फुकट येतं. दहा बाय चारच्या वाफ्यावर तीन इंचांचा थर द्यायला दहा घनफूट खत लागतं, म्हणजे वीस-पंचवीस घमेली. आकडा ऐकून दचकू नकोस. ओंजळभर खत ‘झाडाच्या बुडाशी’ घालून माती सुधारत नाही, झाडाला घटकाभर बरं वाटतं एवढंच. त्यात निंबोळी पेंड मिसळ, गांडूळखत वरच्या थरात दे आणि सगळं वरच्या वीतभर मातीत कालव. आणि दरवर्षी द्यायचं. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, सेंद्रिय भाग जळून जायला वेळ लागत नाही.

खताला पैसे कमी पडत असतील तर पहिल्या पावसाळ्यात बाग करूच नकोस, ताग पेर. मृगाचा पाऊस झाला की दाट फेकून दे. दीड महिन्यात कमरेच्या वर जातो. फुलं धरायच्या सुमाराला कापून, तुकडे करून मातीत गाड आणि महिनाभर कुजू दे. तागाची मुळं खाली जातात, कुजल्यावर त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात, आणि त्याच वाटांनी पुढच्या झाडांची मुळं उतरतात. शेजारणी म्हणतील, ‘नव्या घरापुढं हे काय रान माजवलंय?’ म्हणू दे. गौरी-गणपती उरकले की तुझा वाफा तयार असेल.

वरून पांघरूण हवंच. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला, जे मिळेल ते दोन-तीन इंच पसर. फक्त खोडाला टेकवू नकोस. गावाकडे सोयाबीन निघाल्यावर भुसकट कुणी ना कुणी देतं, आत्ताच शब्द टाकून ठेव. आच्छादन असलं की भेगा कमी पडतात, पावसाचा थेंब मातीवर आपटून पापडी धरत नाही आणि गांडुळं वर येतात. पाणी देताना वरून वाळलंय म्हणून पाइप सोडू नकोस. बोट दोन पेरं आत खुपस, गार लागलं तर आज पाणी नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि रोजच्या पाण्यानंच या मातीतली जास्त झाडं जातात.

एक दुखणं तुला हमखास दिसेल. मोगऱ्याची, गुलाबाची, लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी कमी पडलं म्हणून पाणी वाढवशील तर आजार वाढेल. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट, थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरवड्यानं पुन्हा. बोअरचं पाणी जड असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी या झाडांना राखून ठेव.

लावायचं काय? सुरुवातीला जी झाडं या मातीशी भांडत नाहीत ती. जास्वंद, कण्हेर, गवती चहा, वाळा. भाज्यांत गवार, वाल, वांगी आणि भेंडी. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हा वाण परभणीच्या विद्यापीठानंच काढलेला, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला सहनशील म्हणून देशभर गेलेला. एका कडेला तुरीचे चार दाणे टोच, तिचं सोटमूळ तुझ्या टिकावापेक्षा खोल जातं. गाजर-मुळ्याचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नकोस, वाकडेतिकडे निघतील. पपई आणि शेवगा लावायचाच तर उंचवट्यावर, त्यांच्या बुडाशी दोन दिवस पाणी थांबलं तरी बूड सडतं. सीताफळाला मुळात हलकी जमीन आवडते, ते सावकाश बघू. फळझाडाचा खड्डा काढताना कुदळीनं बाजू गुळगुळीत करू नकोस, टोकानं ओरबाडून ठेव. नुसत्या भारी खतानं तो भरूही नकोस, नाहीतर पावसात त्याचा हौद होईल. त्याच जागची माती, तिच्यात तिसरा हिस्सा खत, आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच.

बी-बियाणं, जिवाणू खतं घ्यायची तर १८ मेला विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो. विद्यापीठाची स्थापनाच १८ मे १९७२ची. रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. भाऊजींना बरोबर ने, पिशव्या उचलायला.

आणि सगळं आवार एका वर्षात हिरवं करायचं मनातून काढून टाक. या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराजवळ, भिंतीपासून पाच फूट सोडून, दहा बाय चारचा एकच वाफा कर. उरलेल्या जागेत ताग पेर. पुढच्या वैशाखात त्या वाफ्यात आणि बाहेर, दोन्हीकडे खुरपं मारून बघ. फरक हाताला कळला तर दुसरा वाफा घे. आणि हो, ट्रॅक्टरवाला पुन्हा आला तर त्याच्याकडून माती घेऊ नकोस, दोन वर्षं कुजलेलं शेणखत मात्र माग.